जाहिरातीचा हिशेब आणि खुणांची निवड

जाहिरातीवर खर्च केलेल्या पैशांपैकी किती पैसे गिऱ्हाईक घेऊन परत आले, हा प्रश्न व्यापाऱ्यास संगणकाने शिकविलेला नाही. पाश्चात्य देशांतील टपालाने माल विकणारे व्यापारी प्रत्येक वर्तमानपत्रातील कूपनावर निराळे अक्षर किंवा अंक छापीत. कूपन परत आले, की ते कोणत्या पत्रातून कापलेले आहे हे त्या अक्षरावरून उघड होई. क्लॉड हॉपकिन्स या अमेरिकन जाहिरातकाराने १९२३ साली आपल्या ग्रंथात या पद्धतीचा मोठा पुरस्कार केला. हिंदुस्थानात १९४८ साली ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था मुंबईस स्थापन झाली आणि वर्तमानपत्रांच्या खपाचा विश्वसनीय आकडा जाहिरातदारांस मिळू लागला. तथापि प्रती किती खपल्या हे कळणे निराळे आणि जाहिरात वाचून माल किती जणांनी घेतला हे कळणे निराळे. दुसरी गोष्ट कळण्यास खूणच हवी. आजच्या संकेतस्थळांवर ‘टॅग’ म्हणून जी वस्तू बसवितात, ती त्या जुन्या कूपनावरील अक्षराचीच पणती होय.

टॅग म्हणजे पानात घातलेली संगणकीय आज्ञांची एक छोटी चिठ्ठी. वाचकाने पान उघडले, की त्याच्याच फोनमधील ब्राउझर ती चिठ्ठी वाचतो आणि मोजणी करणाऱ्या कंपनीकडे निरोप धाडतो, की अमुक पान, अमुक वेळी, अमुक ठिकाणाहून आलेल्या मनुष्याने पाहिले. तोच मनुष्य पुन्हा आला तर ओळखू यावा म्हणून ‘कुकी’ नावाची नोंद त्याच्या ब्राउझरमध्ये ठेवली जाते. ही युक्ती १९९४ साली नेटस्केप कंपनीत निघाली. जाहिरातीच्या दुव्याच्या शेपटीस जी ‘यूटीएम’ अक्षरे जोडतात, त्यांतील पहिले अक्षर अर्चिन या कंपनीचे आहे. गूगलने ती कंपनी २००५ साली विकत घेतली आणि त्याच वर्षी गूगल ॲनालिटिक्स लोकांस विनामूल्य दिले.

आता वरणगावातील एखादा गृहोद्योग डोळ्यांसमोर आणावा. भुसावळजवळचे हे गाव. आसपास केळीचे मळे. हा गृहोद्योग केळीचे वेफर्स, ज्वारीच्या बिबड्या आणि कळण्याचे पीठ विकतो. त्याचे गिऱ्हाईक पुण्यामुंबईस स्थायिक झालेली खानदेशी कुटुंबे, आणि त्याचा हंगाम आखाजीच्या आधीचा व दिवाळीचा. वर्षाची जाहिरातीची रक्कम या दोन हंगामांत खर्ची पडते; ती भलत्या ठिकाणी गेली तर वर्ष फुकट जाते. अशा मनुष्याने खुणांची कोणती व्यवस्था पत्करावी?

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक कंपनीची चिठ्ठी पानात हाताने डकविणे. एकच चिठ्ठी असेल तर यात वावगे काही नाही. परंतु गूगलची एक, फेसबुकची एक, आणखी कोणा तिसऱ्याची एक असे होऊ लागले, म्हणजे प्रत्येक बदलास कारागिराची विनवणी करावी लागते. शिवाय जुन्या चिठ्ठ्या कोणी काढीत नाही आणि पान जड होत जाते. यावर तोडगा म्हणून गूगलने ऑक्टोबर २०१२ मध्ये टॅग मॅनेजर काढला. त्यात पानात एकच पेटी बसते आणि बाकी चिठ्ठ्या त्या पेटीत बाहेरून घालता काढता येतात. बदल प्रसिद्ध करण्यापूर्वी तपासून पाहता येतो आणि बिघडल्यास आधीची आवृत्ती परत आणता येते, हा त्याचा खरा गुण. दोष इतकाच, की किल्ली ज्याच्या हाती तो वाटेल ती चिठ्ठी घालू शकतो. म्हणून ॲनालिटिक्सचे, जाहिरातीचे आणि पेटीचे अशी तिन्ही खाती मालकाने स्वतःच्या नावावर उघडावी आणि जाहिरात करून देणाऱ्यास केवळ प्रवेश द्यावा. खाते दुसऱ्याच्या नावावर असले, की संबंध तुटताच मागील वर्षांचे आकडेही जातात.

तिसरा मार्ग सध्या फार वाखाणला जातो. त्यात निरोप थेट परक्या कंपनीकडे न जाता प्रथम व्यापाऱ्याच्या स्वतःच्या सर्व्हरवर येतो आणि तेथून निवडून पुढे जातो. फोनवरील भार हलका होतो आणि कोणती माहिती घराबाहेर जाऊ द्यायची हे ठरविता येते. ॲपलच्या सफारी ब्राउझरने २०१९ पासून पानातील चिठ्ठीने ठेवलेल्या कुकीचे आयुष्य सात दिवसांवर आणले आहे. त्या अडचणीवरही या मार्गाने काही अंशी उपाय होतो. परंतु सर्व्हरचे भाडे दरमहा द्यावे लागते आणि जाणता मनुष्य पदरी ठेवावा लागतो. दिवसास दहावीस मागण्या येणाऱ्या गृहोद्योगाने हा खटाटोप करणे म्हणजे एका म्हशीसाठी दूधसंघ काढण्यासारखे आहे. ज्यास माहिती परक्या कंपनीस मुळीच द्यावयाची नसेल त्याच्यासाठी मॅटोमो हे मुक्त साधन आहे. ते २००७ साली पिविक या नावाने निघाले आणि स्वतःच्या जागेत बसविता येते. त्याची निगा मात्र स्वतःच राखावी लागते.

तेव्हा वरणगावच्या गृहोद्योगास एक पेटी, तीत ॲनालिटिक्स आणि ज्या ठिकाणी खरोखर जाहिरात दिली जाते तेवढ्यांचीच चिठ्ठी, एवढे पुरे आहे. खरी कसोटी बसविल्यानंतर लागते. दुव्याच्या शेपटीत एकदा इंग्रजी मोठ्या लिपीतले आणि एकदा छोट्या लिपीतले अक्षर वापरले, तर एकाच ठिकाणच्या दोन ओळी होतात. गिऱ्हाईक पैसे भरण्यासाठी यूपीआयच्या ॲपमध्ये जाते आणि तेथूनच फोन खिशात टाकते; आभाराचे पान उघडतच नाही, आणि विक्री झाली तरी मोजली जात नाही. उलटपक्षी ते पैसे भरण्याच्या पानावरून परत आलेच, तर त्यास पैसे भरून घेणाऱ्या कंपनीनेच पाठविले अशी नोंद होऊ शकते. ॲनालिटिक्समध्ये ती कंपनी वगळण्याची सोय आहे, ती आधीच करून ठेवावी.

सर्वांत मोठा घोटाळा श्रेयाचा. समजा, हंगामात शंभर मागण्या आल्या. गूगल म्हणेल साठ आपल्या, फेसबुक म्हणेल सत्तर आपल्या. यात लबाडी असेलच असे नाही. फेसबुक सामान्यतः जाहिरात दाबल्यापासून सात दिवसांतील, व नुसती पाहिल्यापासून एका दिवसातील खरेदी आपल्या खाती धरते. गूगलची मुदत निराळी. एकाच गिऱ्हाइकाने दोन्ही ठिकाणी पाहिले तर दोघेही हक्क सांगतात. म्हणून शंभर हा आकडा वहीतून घ्यावा, टॅगमधून घेऊ नये. शिवाय खानदेशी गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर किंवा फोनवर भाव विचारूनच मागणी देते. फोनच्या खुणेवर बोट पडले इतके टॅगला कळते, पुढील बोलणे कळत नाही. ‘आमचे नाव कोठे वाचले?’ हा प्रश्न विचारून उत्तर वहीत टिपणे, हे कूपनाचे अक्षर आजही चालते.

जुना हिशेबही जपावा लागतो. गूगलने १ जुलै २०२३ पासून आपल्या जुन्या ॲनालिटिक्सची मोजणी बंद केली आणि वर्षभराने तेथील आकडेही दिसेनासे झाले. ज्यांनी ते उतरवून घेतले नाहीत त्यांचे मागील हंगाम पुसले गेले. नव्या व्यवस्थेतही तपशीलवार नोंदी आपोआप दोनच महिने राहतात. ती मुदत चौदा महिन्यांची करता येते, आणि आखाजीची तुलना मागील आखाजीशी करावयाची असेल त्याने ती पहिल्याच दिवशी करून घ्यावी.

राहिला प्रश्न गिऱ्हाइकाच्या संमतीचा. कूपन कापून पाठविणारास आपण काय पाठवीत आहोत हे ठाऊक असे. टॅग मात्र मुकाट्याने निरोप धाडतो. हिंदुस्थानात डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू करण्याचे ठरले. संमती मोकळेपणी व समजून दिलेली असावी आणि सूचना मराठीसह राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील भाषांत वाचण्याची सोय असावी, असे त्यात आहे. बिबड्या विकणाऱ्याने तेवढ्यासाठी वकील गाठण्याची गरज नाही. ‘आमचे गिऱ्हाईक कोठून येते हे कळावे म्हणून ही नोंद ठेवतो, नको असल्यास नाही म्हणावे’ अशी दोन ओळींची मराठी सूचना आजच लावावी आणि नाही म्हणणाऱ्याच्या बाबतीत चिठ्ठ्या बंद राहतील अशी पेटीत व्यवस्था करावी. त्यामुळे आकडे काहीसे कमी दिसतील. वहीतील बेरीज जवळ असल्याने किती कमी दिसतात तेही कळेल.

ही सारी मांडणी आखाजीच्या एक महिना अगोदर उरकावी. घरातील दोघातिघांनी निरनिराळ्या फोनवरून, एकाने फेसबुकवरील दुव्यावरून व दुसऱ्याने गूगलवरून येऊन, खरोखर पैसे भरून एकेक पाकीट मागवावे आणि प्रत्येक मागणी योग्य रकान्यात एकदाच पडते की नाही ते पाहावे. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत पेटीस कोणी हात लावू नये.