मुलांच्या मनाची विचारपूस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाषणाची मला सवय नाही. तरी आपण आग्रह केलात म्हणून, माझ्याच हातून झालेल्या एका चुकीबद्दल चार शब्द बोलते.

आपल्या सोनईत मुलांच्या अंगाची काळजी सगळ्याजणी घेतात. २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टर शाळेत वर्षातून एकदा व अंगणवाडीत दोनदा येऊन मुलांना तपासतात. पण मनाला बसलेला धक्का एका दिवसाच्या तपासणीत कसा दिसावा? तो घरच्या व शेजारच्या बायकांनाच आधी दिसतो.

२०२१ सालच्या कोरोनात पुष्कळ मुलांचे वडील गेले. आईवडील दोघेही गेलेल्या मुलाच्या नावे राज्य सरकारने पाच लाखांची ठेव ठेवली. एकच पालक गेला असेल तरी बालसंगोपन योजना लागू होते. तिची रक्कम २०२३ साली दरमहा २,२५० रुपये झाली. आपण बायकांनी घरोघर फिरून मृत्यूचे दाखले, रेशनकार्डे गोळा केली, अर्ज भरून दिले. ते काम चांगलेच झाले.

मग वह्यावाटपाचा समारंभ केला. वडील गेलेली मुले मी व्यासपीठावर ओळीने उभी केली, फोटो काढविला. आमच्या आळीतला नऊ वर्षांचा एक मुलगा होता. सर्वांदेखत मी त्याला विचारले, “बाबांची आठवण येते का रे?” त्याने मान खाली घातली ती वर केली नाही.

दुसऱ्या दिवसापासून शाळेची वेळ झाली की त्याचे पोट दुखे. रात्री अंथरूण ओले होई. आईने दृष्ट काढली, शिंगणापूरला तेल वाहून आली. मी मात्र म्हणाले, “सोंग करतोय, जरा रागवा.” भगिनींनो, ही माझी दुसरी चूक.

शेवटी डॉक्टरांनी सांगितले, पोटात दोष नाही. मग आईला आठवले की, रुग्णवाहिकेचा आवाज आला की तो पलंगाखाली जाऊन बसतो. त्याचे वडील रुग्णवाहिकेतून गेले ते परत आले नाहीत. जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचार डॉक्टरांकडे काही महिने नेले. मी रोज दुपारी त्याला शेंगा फोडायला बोलवी, पण काही विचारीत नसे. एके दिवशी तोच म्हणाला, “काकू, मी शाळेत गेल्यावर आई कुठं जाणार नाही ना?” एवढेच त्याचे दुखणे होते, आणि ते चारचौघांत विचारून कधी कळले नसते.

म्हणून आपण काय पाहावे? हसते मूल गप्प झाले, झोपेत दचकू लागले, कारणावाचून पोट-डोके दुखू लागले, खेळ सोडला, मोठा मुलगा चिडखोर झाला, मुलगी एकटी बाहेर जायला घाबरू लागली, आणि महिना उलटूनही हे थांबले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. जीव द्यायची भाषा निघाली तर एक दिवसही थांबू नये. आपण रोग ठरवू नये, फक्त ओळखावे आणि योग्य ठिकाणी पोहोचवावे.

विचारायचे ते एकांतात. मुलाने अत्याचाराची गोष्ट सांगितली तर खोदून खोदून विचारू नये. “तुझी चूक नाही” म्हणावे व १०९८ या क्रमांकावर कळवावे. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीतही बोलता येते. गावाच्या बाल संरक्षण समितीत सरपंच अध्यक्ष व अंगणवाडी सेविका सचिव असतात. त्यांनाही सांगता येते.

पुढची वाट ठाऊक असल्याशिवाय मुलाची जखम उघडू नये. म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. यंदापासून वह्या मुलांच्या घरी नेऊन द्याव्यात, फोटो नको. आणि प्रत्येक आळीतील एका भगिनीने हे क्रमांक जवळ ठेवावेत, ऐकलेले मात्र पोटात ठेवावे, पाणवठ्यावर नेऊ नये.

तो मुलगा आता शाळेत जातो. मी त्याची माफी मागितली आहे. तशी दुसऱ्या कुणावर वेळ येऊ नये एवढीच इच्छा व्यक्त करून माझे चार शब्द संपविते.