सगळ्यांची ताटं एकदम
(सास्तूर येथील महिला मेळाव्यातील भाषण)



30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे या सास्तूर-किल्लारी पट्ट्यात दगडमातीची घरं माणसांवर कोसळली. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली 52 गावं नव्या जागी वसवावी लागली. इतर शेकडो गावांत घरदुरुस्तीचं काम निघालं, तेव्हा बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. घर कसं मजबूत करायचं, हे त्यांनी गावाला समजावलं, अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले. घर कसं बांधावं हे सांगणाऱ्या बाईला त्या घरात बोलायला जागा आहे का?

रात्रीचं जेवण बघा. पुरुष आणि पोरं ताटावर, बाई चुलीपाशी. औंदा काय पेरायचं, उसनवारी कुणाची करायची, पोरीला आलेलं स्थळ कसं आहे, हे सगळं तिथंच ठरतं. तिच्या वाट्याला एकच शब्द, ‘वाढ’. ती जेवायला बसते तेव्हा कोरड्यास तळाला गेलेलं असतं आणि निर्णयही झालेला असतो. उरलंसुरलं खाऊन रक्त कमी होतं, तसं शेवटी बसून आपलं मतही कमी होतं.

कुणी म्हणेल, भाकरी गरम लागते. अहो, आपल्याकडं ज्वारीची कडक भाकरी दिवसेंदिवस टिकते! भाकरी आधी थापून घ्या, भांडी मधे ठेवा, ज्याचं त्यानं वाढून घ्यावं. आणि सासूबाई पंगतीला बसल्या, सून मात्र चुलीपाशीच, याला समता म्हणायचं नाही.

मग बोलायचं काय? स्थळाबद्दल आधी पोरीला विचारा. घराच्या उताऱ्यावर, सातबारावर कुणाचं नाव आहे ते विचारा. हिंदू वारसा कायदा महाराष्ट्रानं 1994 मध्ये बदलला. 2005 मध्ये देशभर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. हे पोरीच्या आणि तिच्या भावाच्याही कानावर एकाच वेळी पडायला हवं.

पण जिथं बाईनं तोंड उघडलं की ताट भिरकावलं जातं, तिथं तिला एकटीला ‘बोल’ म्हणू नका. गटातल्या चौघीजणी तिच्या पाठीशी उभ्या राहा. घरातल्या हिंसेविरुद्ध 2005 चा कायदा आहे, तो तिला सांगा.

पुढच्या बैठकीत बचतीच्या हिशेबाआधी एकमेकींना एवढंच विचारू या : काल रात्री तू कुणाबरोबर जेवलीस, आणि काय बोललीस?