आपल्या आळीतली हवा
(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी यंदा मला हवेवर बोलायला सांगितले, तेव्हा दोघीतिघींनी विचारले, "हवेवर काय बोलणार? आपली रत्नागिरीची समुद्रावरची हवा, तिला काय झाले आहे?" मुंबईहून मे महिन्यात आणि गणपतीला येणारे चाकरमानीसुद्धा खळ्यात पाऊल टाकताच मोठा श्वास घेऊन हेच म्हणतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही, पण पुरते खरेही नाही. त्यातला जो भाग खरा नाही, त्याविषयी आज बोलणार आहे.

आपली हवा चांगली राहते ती वाऱ्यामुळे. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरून वारा येतो. हे खारे वारे. रात्री जमीन समुद्राच्या आधी निवते, म्हणून वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे सुटतो. त्याला मतलई म्हणतात. हे दोन वारे म्हणजे गावाचा केर काढणाऱ्या दोन बाया आहेत असे समजा. पण एकीची पाळी संपून दुसरीची सुरू होईपर्यंत मध्ये काही वेळ वारा पडतो. त्यातून थंडीच्या दिवसांत पहाटे गार हवा तळाशी बसते आणि तिच्यावर ऊबदार हवेचे झाकण पडते. मग धूर वर जात नाही. मार्गशीर्ष-पौषात सकाळी सड्यावर उभे राहून खाली पाहा. माडांच्या शेंड्यांशी एक निळसर पट्टा दिसतो. आपण त्याला धुके म्हणतो, पण त्यातले सगळेच धुके नसते. नाक सांगते ते काय आहे ते: न्हाणीच्या चुली पेटल्या आहेत, कोणी आगर झाडून पातेऱ्याला काडी लावली आहे, आणि त्यात पिशव्याही आहेत.

असे झाकण लंडन शहरावर १९५२ च्या डिसेंबरात ५ तारखेपासून ९ तारखेपर्यंत पडून राहिले होते. तिकडे घरोघरी शेगडीत दगडी कोळसा जाळत; कारखान्यांचा आणि वीजघरांचा धूर होताच. पाच दिवस तो धूर कोंडून राहिला. त्या वेळी सुमारे ४००० माणसे दगावल्याचा हिशेब झाला. पुढच्या अभ्यासकांनी तो आकडा १२००० पर्यंत नेला. मला यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही वाटते की १९५६ साली तिथे जो कायदा झाला, तो नुसता गिरण्यांच्या चिमण्यांसाठी नव्हता, घरातल्या शेगडीलाही त्याने हात घातला. आपल्याकडे धुराचे नाव काढले की बोट लगेच दुसरीकडे जाते: कारखाने, डंपर, मुंबई. आणि घरोघरी मातीच्या चुली ही म्हण आपण भांडणापुरती वापरतो.

आता धुरात असते काय? डोळ्यांना दिसते ती राख आणि मोठी धूळ. ती नाकातल्या केसांत अडकते, शिंकेवाटे, कफावाटे बाहेर पडते. त्रास देतात ते न दिसणारे कण. एका मिलिमीटरचे हजार भाग करा, त्यातले अडीच भाग घ्या. त्याहून बारीक जे कण असतात त्यांना पीएम २.५ म्हणतात. आपल्या डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा हा साधारण तिसावा भाग. हे कण फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या पिशव्यांपर्यंत जातात आणि त्यातले अगदी बारीक रक्तातही उतरतात. म्हणून धुराचा विकार केवळ खोकल्यावर थांबत नाही. दमा वाढतो, हृदयाचा झटका आणि अर्धांगवायू यांचा धोका वाढतो. गर्भारपणी आईने फार धूर घेतला तर मूल कमी वजनाचे होण्याची भीती असते. बाहेरची दूषित हवा कर्करोगालाही कारण होते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ साली जाहीर केले. लहान मुले आपल्यापेक्षा भरभर श्वास घेतात, त्यामुळे त्यांच्या वाट्याला अधिक येते. पदर नाकाला लावून भागत नाही. पदराने धूळ अडते, हे कण अडत नाहीत.

आपल्या देशाने २००९ साली ठरवलेले मान असे की एका घनमीटर हवेत हे कण चोवीस तासांच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ सांगितली. मोबाईलवर मुले जो हवेचा निर्देशांक दाखवतात तो २०१५ पासून आपल्याकडे सुरू झाला. ५० पर्यंत चांगला, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, त्यापुढे वाईट, अतिवाईट आणि ४०० च्या वर गंभीर. निरनिराळ्या दूषित द्रव्यांत जे सर्वांत वाईट, त्याचा आकडा निर्देशांक म्हणून धरतात, सरासरी काढत नाहीत. ही पद्धत मला योग्य वाटते. आमटी खारट झाली तर भात चांगला म्हणून पान गोड होत नाही. मात्र तो आकडा जिथे यंत्र बसवले असेल तिथला असतो. आपल्या न्हाणीमागच्या धुराचा आकडा कोणत्याच मोबाईलवर येत नाही.

आणि त्या धुराशी आपला, बायकांचा, संबंध सर्वांत जवळचा. आमच्या शेजारच्या एक काकू आहेत. उभ्या जन्मात विडी नाही, मिश्री नाही. गेली काही वर्षे त्यांना पाखाडीच्या दहा पायऱ्या चढताना दोनदा बसावे लागते. डॉक्टरांनी त्यांना पहिलाच प्रश्न विचारला, "चुलीपुढे किती वर्षे?" काकूंनी बोटे मोजली आणि म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून." श्वासनळ्या कायमच्या आकसण्याच्या या रोगाला सीओपीडी म्हणतात. तो पूर्वी विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा रोग समजत. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले की धूम्रपान न करणाऱ्यांतही तो मोठ्या प्रमाणावर आहे, आणि लाकूडफाटा, शेणी यांचा धूर हे त्याचे एक मोठे कारण आहे.

गॅस आता बहुतेक घरी आला. २०१६ च्या १ मे रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली, तिच्यामुळे गरीब घरीही शेगडी पोचली. पण टाकी संपली की पुन्हा भरायला पैसे लागतात, आणि मोलमजुरी करणारी बाई ती पुरवून पुरवून वापरते, अंघोळीचे पाणी चुलीवर ठेवते. तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. तिला इतकेच सांगावे की लाकूड पुरते वाळलेले घाल, ओले लाकूड धूर जास्त करते. भिंतीला वर झरोका ठेव, आणि चूल पेटते तेव्हा तान्हे मूल मांडीवर घेऊन बसू नकोस.

मला बोलायचे आहे ते चूल पेटवण्याच्या एका सवयीबद्दल. चुडते, करवंट्या, सोडणे हे आपले जुने जळण. पण पावसाळ्यात ते लवकर पेट घेत नाही म्हणून हल्ली वर दुधाची पिशवी नाही तर वेफरची रिकामी पुडी ठेवतात. भपकन् पेटते, यात शंका नाही. पण प्लॅस्टिकचा धूर लाकडाच्या धुरासारखा नव्हे. पाइपाचे तुकडे, रेक्झिन, वायरीचे आवरण यांत क्लोरीन असतो. ते जळताना आम्लाची वाफ निघते आणि डायॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते गवतावर बसते, गवत गाय खाते, आणि दुधाच्या स्निग्धांशातून ते घरात परत येते. "राख माडाला चांगली" असे काही जणी म्हणतात. लाकडाची राख चांगली, हे मीही म्हणते. प्लॅस्टिकची राख माडाच्या आळ्यात घालू नका.

तीच गोष्ट डासांच्या कॉइलची. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एक कॉइल पुरी जळेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते असे आढळले. आपण ती लावून खिडक्या लावतो आणि नातवंडांना शेजारी निजवतो! आजीच्या वेळची मच्छरदाणी काय वाईट होती? दिवाळीत लहानग्यांना आवाजाच्या फटाक्यांची भीती वाटते म्हणून हातात नागगोळी देतात. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ साली सहा प्रकारचे फटाके तपासले. सर्वांत जास्त सूक्ष्म कण निघाले ते या न वाजणाऱ्या नागगोळीतून.

बाहेरचाही धूर-धुरळा आहे, तो मी नाकारत नाही. महामार्गाच्या रुंदीकरणात हातखंब्याकडची झाडे लाल झालेली आपण पाहिली. उन्हाळ्यात तरवे भाजतात, वणवे लागतात. मुंबईलाही समुद्र आहे, तरी २०२३ च्या ऑक्टोबरात तिथल्या हवेची उच्च न्यायालयाला आपणहून दखल घ्यावी लागली आणि महापालिकेला बांधकामांभोवती उंच पत्रे लावा, पाणी मारा, असे नियम काढावे लागले. समुद्र जवळ असला म्हणजे निभावते, हा समज तिथल्या आपल्या नातेवाइकांचाही होता. रस्त्याच्या धुळीबद्दल मंडळाने अर्ज जरूर करावा. पण अर्जाचे उत्तर येईपर्यंत आपल्या हाती आहे तो पातेरा.

उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५००० रुपये दंड करावा, असे हरित न्यायाधिकरणाने २०१६ च्या डिसेंबरात सांगितले. तरी शेजाऱ्यावर तक्रार घेऊन जाणे आपल्या आळीत जमणार नाही, आणि जमू नये असे मला वाटते. वर्षभर वाटी-वाटी साखर जिच्याकडून आणायची तिला दंड कोण करील? पातेरा जाळण्याला सोय पाहिजे. माझी सूचना अशी की परसात ज्यांना जागा आहे त्यांनी चार हात लांब, दोन हात रुंद खड्डा घ्यावा. त्यात थरावर थर पातेरा, मधे शेणकाला आणि थोडी माती. पुढच्या वर्षी त्याचे खत कलमांना होते. ज्यांना जागा नाही त्यांचा पातेरा पोत्यांत भरून शेजारच्या खड्ड्यात जाईल. तो वाहायला मुलगे आहेतच, त्यांना सुट्टीत काम नसते. प्लॅस्टिक मात्र निराळे बांधून घंटागाडीत.

खड्डे पाऊस येण्याच्या आधी, चैत्रात घेतले पाहिजेत. त्यासाठी चिटणीसबाईंनी एक वही ठेवली आहे. दोन घरची नावे आली आहेत. चहा झाल्यावर बाकीच्यांनी आपापली नावे, आणि कोणाकडे शेण मिळते तेही, त्या वहीत लिहावे.