कॅन्सर परत आला की नवा आला?

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



दहावीनंतर चाळीस वर्षांनी आपण एका छताखाली जमलो आहोत. संयोजकांनी फर्मान काढलं, "तू पॅथॉलॉजिस्ट आहेस, आरोग्यावर दहा मिनिटं बोल." मधुमेह आणि रक्तदाबावर आपल्या ग्रुपवर रोज सकाळी एक तरी निबंध येतो, म्हणून मी विषय वेगळा घेतला आहे. आपल्या बॅचच्या तिघींना स्तनाचा कॅन्सर होऊन गेला. तिघीही आज समोर बसल्या आहेत आणि त्यांना विचारूनच मी बोलते आहे. तिघींनी मला वेगवेगळ्या वेळी फोन करून एकच प्रश्न विचारला, "पुन्हा होईल का गं?"

या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. एक, पहिलाच कॅन्सर परत येईल का? तेव्हा जुन्याच पेशी कुठेतरी लपून राहिलेल्या असतात. त्या हाडात किंवा यकृतात सापडल्या, तरी त्या स्तनाच्याच कॅन्सरच्या पेशी असतात. दुसरा प्रश्न, अगदी नवा, स्वतंत्र कॅन्सर होईल का? तो दुसऱ्या स्तनात होऊ शकतो, गर्भाशयात, बीजकोशात किंवा आणखी कुठेही. शाळेत बाईंनी कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला होता, आठवतं? मी आजही तेच करते. काचपट्टीवरच्या पेशी मूळच्या कुठल्या, हे ओळखायचं. कारण दोन्हींचे उपचार वेगळे असतात. म्हणून नवी गाठ आली की "जुनंच वर आलं असेल" असं कोणीही, घरच्यांनीही, ठरवून टाकू नये. तुकडा काढून तपासणी झालीच पाहिजे.

आता नव्या कॅन्सरचा धोका किती? ऑक्सफर्डच्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या पावणेपाच लाखांहून अधिक स्त्रियांची माहिती तपासून २०२५ साली प्रसिद्ध केली. या सगळ्यांना १९९३ ते २०१६ या काळात लवकरच्या टप्प्यातला स्तनाचा कॅन्सर झाला होता. पुढच्या वीस वर्षांत शंभरातल्या सुमारे चौदा जणींना स्तनाव्यतिरिक्त दुसरा एखादा कॅन्सर झाला. ऐकून धस्स होतं. पण त्याच वयाच्या सर्वसाधारण शंभर स्त्रियांतही साधारण बारा जणींना तो होतोच. म्हणजे जास्तीच्या दोन. दुसऱ्या स्तनात कॅन्सर झाला शंभरातल्या पाच-सहा जणींना, त्यात जास्तीच्या तीन. तिकडे कॅन्सरचं एकूण प्रमाणच आपल्यापेक्षा अधिक आहे, तेव्हा हे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावू नका. पण धोका आहे आणि तो डोंगराएवढा नाही, इतकं त्यातून नक्की कळतं.

काही जणींचा धोका मात्र खरोखर मोठा असतो. बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकांत जन्मतः दोष असेल, तर वीस वर्षांत दुसऱ्या स्तनाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण अनुक्रमे शंभरात चाळीस आणि सव्वीसच्या आसपास जातं. शिवाय बीजकोशाच्या कॅन्सरचाही धोका वाढतो. स्वतःला तरुण वयात कॅन्सर झाला असेल, किंवा आई, मावशी, आत्या, बहीण यांच्यापैकी कोणाला स्तनाचा वा बीजकोशाचा झाला असेल, तर डॉक्टरांना जनुकीय तपासणीबद्दल विचारा. मित्रांनो, हे तुमच्यासाठीही आहे. हा दोष वडिलांकडूनही येतो आणि मुलग्यांकडेही जातो.

उपचारांमुळेही थोडा धोका वाढतो. टॅमॉक्सिफेनची गोळी गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरची शक्यता वाढवते, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांत. म्हणून पाळी गेल्यावर थोडंसं जरी रक्त दिसलं, तरी लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. लाजून घरी बसू नका. आणि घाबरून गोळी मनानं बंदही करू नका. तीच गोळी पहिला कॅन्सर परतण्याची आणि दुसऱ्या स्तनात नवा होण्याची शक्यता बरीच कमी करते. किरणोपचारांनी, म्हणजे आपण ज्याला 'लाइट घेणं' म्हणतो त्यानं, फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका किंचित वाढतो, पण विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत तो कितीतरी जास्त असतो. आपल्याकडच्या बायका सिगारेट ओढत नसतील, पण मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तिनं तोंडाचा कॅन्सर होतो. ती सुटली पाहिजे.

मग करायचं काय? उरलेल्या स्तनाची मॅमोग्राफी वर्षातून एकदा. पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढची दोन वर्षं सहा ते बारा महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी डॉक्टरांकडून तपासणी. काही त्रास नसताना दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन करून हजारो रुपये घालवण्याची गरज नसते. त्यानं आयुष्य वाढत नाही, धाकधूक वाढते. गर्भाशयमुखाची तपासणीही विसरू नका. एक कॅन्सर होऊन गेला म्हणून बाकीच्यांनी आपल्याला सूट दिलेली नसते!

आणि माझ्या खात्यातली एक विनंती. आपली फाइल जपा, विशेषतः पॅथॉलॉजीचा रिपोर्ट. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यात ठेवलेले असतात. ते कुठे आहेत आणि किती वर्षं ठेवतात, हे त्या प्रयोगशाळेत विचारा. मिळत असतील तर मागून घ्या आणि घरात उन्हापासून, उष्णतेपासून लांब ठेवा. दहा वर्षांनी नवी गाठ आली, तर जुन्या पेशींशेजारी नव्या पेशी ठेवून पाहता येतात, आणि "परत आला की नवा आला" याचं उत्तर देणं आम्हाला पुष्कळ सोपं जातं.

आपल्या तिघींनी मॅमोग्राफीला एकाच दिवशी, सोबत जायचं ठरवलं आहे. बाकीच्या मैत्रिणींनो, तुम्ही शेवटची तपासणी कधी केली होती, ते जेवणाच्या पंगतीत मी प्रत्येकीला विचारणार आहे. उत्तर तयार ठेवा.