पिलू घरी आणण्याआधी



कुत्रे पाळणे ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नाही. मळ्यात जा, वस्तीवर जा, धनगराच्या कळपामागे जा, कुत्रे असतेच. खंडोबाजवळ कुत्रा आहे. दत्ताच्या पायांशी तर चार कुत्री आहेत. नामदेवांची गोष्ट लहान पोरालाही ठाऊक आहे. कुत्र्याने भाकरी पळवली. नामदेव त्याच्यामागे धावले, पण काठी घेऊन नव्हे. तुपाची वाटी घेऊन धावले. कोरडी भाकरी त्याने खाऊ नये, एवढीच त्यांना काळजी.

आता आपल्या घरी पिलू कसे येते ते पाहा. पोरगा मामाच्या गावाहून येतो. त्याच्या सदऱ्यात काहीतरी हलत असते. "आई, बघ काय आणलंय!" मग सगळ्यांची धांदल उडते. याला ठेवायचे कुठे? खायला काय घालायचे? एक म्हणतो, दूध पाज. दुसरा म्हणतो, गोठ्यात सोड. चार दिवस कौतुक चालते. आठव्या दिवशी पिलू विहिरीत पडलेले असते, नाहीतर हगवणीने गेलेले असते. घरचे म्हणतात, "त्याचं नशीब!" पण मंडळी, यात नशीब थोडे आणि आपली गैरसोयच फार. म्हणून पिलू येण्याआधी घर आणि परसू कसे तयार करावे, एवढेच आज आम्ही सांगणार आहोत.

पहिली तयारी मनाची. कुत्रे दहा-बारा वर्षे जगते. एवढी वर्षे त्याला भाकरी कोण घालील? पाणी कोण ठेवील? घरची माणसे ऊसतोडीला किंवा परगावी गेली, तर त्याला कोण बघेल? घरातल्या सगळ्यांनी एकदा बसून हे ठरवावे. ज्या घरी याचे उत्तर नाही, त्या घराने पिलू आणू नये. तीही भूतदयाच आहे.

आणखी एक. बहुतेक लोक म्हणतात, "कुत्रा पाहिजे, कुत्री नको." मग मादी पिले पोत्यात घालून गावाच्या शिवेवर टाकली जातात. ती तिथे उपाशी मरतात. जगली तर मोकाट होतात, आणि पुढे त्यांनाही पिले होतात. मादी राखण करण्यात नराहून कमी नसते. दरसाल पिले होतील ही भीती असेल, तर गुरांच्या डॉक्टरांना विचारा. मादी पुरेशी मोठी झाली की एक शस्त्रक्रिया करतात. मग तिला पिले होत नाहीत.

पिलू आणायचे कधी? दोन महिन्यांचे झाल्यावर. पिलाचे डोळे उघडायलाच दहा ते पंधरा दिवस लागतात. पुढे ते आईजवळ आणि भावंडांत वाढते. खेळताना एकाने जोरात चावा घेतला, की दुसरे केकाटते आणि खेळ मोडतो. तोंड किती जोराने धरावे, हे पिलाला तिथे कळते. लवकर तोडलेल्या पिलाला ते कळत नाही. मग ते आपल्या पोरांना चावते.

आता जागा. पडवीचा एखादा कोपरा बघावा. ऊन, पाऊस आणि वारा लागणार नाही असा. चुलीजवळ नको, कारण पिलू ऊब शोधत राखेत शिरते आणि पाय भाजून घेते. गोठ्यात बैलांच्या पायांशीही नको. बैलाची एक लाथ बसली तर पिलू उरत नाही. एक लाकडी खोके आडवे ठेवावे. आत जुने पोते अंथरावे. पोते आठवड्यातून दोनदा झाडून कडक उन्हात टाकावे, म्हणजे पिसवा होत नाहीत. पाण्याला जड परळ ठेवावा. हलके भांडे पिलू उलथून टाकते.

मग एक सोपे काम करा. पिलू येण्याच्या आदल्या दिवशी घरात आणि अंगणात चक्क रांगत फिरा. लोक हसतील, हसू द्या. घरात मूल रांगू लागले, की त्याची आजी खाली काय काय पडले आहे ते बघून ठेवते ना? तसेच हे. पिलाला हात नाहीत. त्याचे तोंड हाच त्याचा हात. दिसेल ते तोंडात घालून ते बघते. चौथ्या महिन्यापासून त्याचे दुधाचे दात पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत नवे येतात. तेव्हा तर हिरड्या शिवशिवतात. म्हणून चपला, सुतळी, सुया, खिळे, औषधाच्या गोळ्या हे सगळे फळीवर किंवा कोनाड्यात गेले पाहिजे. जमिनीलगत लोंबणारी विजेची वायर वर बांधली पाहिजे. चावायला त्याला जाड दोराची मोठी गाठ द्यावी. दोर विसकटला की बदलावा, नाहीतर धागे पोटात जातात.

सगळ्यांत मोठे भय विषाचे. उंदरांसाठी आपण पिठात विष कालवून कोपऱ्यात ठेवतो. उंदराला जे पीठ, ते पिलालाही पीठच. औषध लावलेले बियाणे पोत्यातून सांडते, तेही ते चाटते. पिकावर मारायच्या औषधाचा डबा नीट बघा. त्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष. त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा आहे म्हणून ते पाणी होत नाही. आता तुम्हाला अक्षर वाचता येते. डब्यावर काय लिहिले आहे ते वाचा, आणि डबा कुलपात ठेवा. रिकामा डबा धुऊन त्यात कुत्र्याला पाणी देतात, ते कधीही करू नका.

एरंडीच्या पेंडीचेही तसेच. झाडांच्या बुंध्याशी खत म्हणून ती घालतात. तिच्या वासाने कुत्रे येते, माती उकरून ती खाते, आणि विष भिनून मरते. पोते बंद ठेवा. पिलू असेल त्या परसात ही पेंड घालूच नका. कण्हेर, धोतरा आणि एरंडाच्या बिया याही विषारी आहेत. कण्हेरीचे तर पान, फूल, फांदी सगळेच विषारी. झाड तोडायला हवे असे नाही. भोवती काट्यांचे कुंपण करावे म्हणजे झाले.

परसू बघताना कुंपणाला एक फेरी मारा. जिथून पिलाचे डोके जाते, तिथून पिलू जाते. भोके काटे लावून बुजवा. विहिरीला कठडा नसेल तर पिलाला तिकडे मोकळे सोडू नका. ज्या शेततळ्याला आतून प्लास्टिकचा कागद असतो, ते विहिरीइतकेच वाईट. कागदावरून पाय घसरतो. जनावर पोहत राहते, पण वर चढता येत नाही. माणसेही अशी बुडाली आहेत. म्हणून तळ्याला कुंपण हवेच. गाठी मारलेला एक दोर आत सोडून ठेवावा, तो माणसाच्या कामी येईल.

कोंबड्या असतील तर खुराड्याचे दार घट्ट करा. पिलाला पहिल्या दिवसापासून दोरी लावून, हाताशी धरून कोंबड्या दाखवा. शांत बसले की घास द्या. मागे धावले तर दोरी आवळा, पण मारू नका. रोज थोडा वेळ असे केले, की बहुतेक पिले कोंबड्यांना घरचे मानू लागतात.

जुन्नर आणि अकोले या बाजूच्या मंडळींना बिबट्या काही सांगायला नको. तो उसात राहतो आणि वस्तीवरची कुत्री उचलतो. राखणीला म्हणून पिलू रात्री अंगणात बांधले, तर ते राखण करत नाही, उलट बिबट्याला दारात बोलावते. साखळीला बांधलेल्या जिवाला पळताही येत नाही. अशा भागात रात्री पिलू घरात, नाहीतर दार लागणाऱ्या खोलीत हवे.

आता खाणे. दोन महिन्यांच्या पिलाचे पोट लहान असते. त्याला दिवसातून चार वेळा थोडे थोडे द्यावे. चार महिन्यांनंतर तीन वेळा, आणि सहा महिन्यांनंतर दोन वेळा. दुधात किंवा मांसाच्या अळणी पाण्यात मऊ केलेली भाकरी, शिजवलेले अंडे, फोडणी न दिलेली डाळ, भात हे त्याला चालते. नुसत्या दुधावर ठेवू नका, कित्येक पिलांना त्याने हगवण लागते. नुसत्या भाकरीवरही त्याची हाडे भरत नाहीत. कांदा आणि लसूण कुत्र्याला बाधतात. द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट यांनीही कुत्री दगावतात. कोंबडीची शिजवलेली हाडे फुटून त्यांच्या टोकदार कपच्या होतात आणि आतड्यात रुततात. तीही नकोत.

पहिल्या दोन-तीन रात्री पिलू रडणार. आईवेगळे झालेले लेकरू रडते, तसेच ते. त्याच्या आईजवळचे एखादे फडके आणून खोक्यात ठेवा, आणि खोके माणसांच्या जवळ ठेवा. झोपून उठले की आणि खाऊन झाले की त्याला परसातल्या एकाच जागी न्या. तिथे घाण केली की शाबासकी द्या. घरात केली म्हणून नाक घासू नका. त्याने त्याला काही कळत नाही, फक्त तुमची भीती वाटू लागते. पोरांनाही दोन गोष्टी शिकवा. कुत्रे खात असताना हात घालू नये. झोपलेले असताना अंगावर पडू नये.

आता सर्वांत मोलाची गोष्ट. पिलू आणल्यापासून आठ दिवसांच्या आत त्याला गुरांच्या दवाखान्यात न्या. पिलाला आईकडूनच जंत येतात. त्याच्या विष्ठेतून ते मातीत जातात, आणि मातीत खेळणाऱ्या पोरांच्या पोटातही जाऊ शकतात. जंताचे औषध डॉक्टर सांगतील तितक्या वेळा द्या. रक्ताची हगवण लागून पिले पटापट मरतात, त्या रोगावर लस आहे. ती दीड-दोन महिन्यांपासून टोचतात आणि पुन्हा काही वेळा टोचावी लागते. पिसाळण्याच्या रोगाची, म्हणजे रेबीजची लस तीन महिने पुरे झाल्यावर देतात. पुढे ती दरसाल द्यावी. लसी पुऱ्या होईपर्यंत पिलाला मोकाट कुत्र्यांत सोडू नये.

रेबीज एकदा अंगात उठला, की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण उठण्याआधी तो अडवता येतो. फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मायस्टर नावाच्या ९ वर्षांच्या मुलाला लस देण्यास सुरुवात केली. त्याला पिसाळलेले कुत्रे चावले होते. तो मुलगा वाचला. आज तर लस आणखी चांगली आहे. पण आपले लोक अजून म्हणतात, "पोटात चौदा सुया? नको रे बाबा!" मंडळी, ती जुनी लस आपल्या देशात २००५ पर्यंत बंद झाली. आता सुई दंडात देतात, लहान मुलांना मांडीत, आणि चार-पाच वेळांत काम होते.

म्हणून हे पाठ करा. कुत्रे चावले किंवा दाताचा ओरखडा उठला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. मिरची, चुना, तेल, शेण काही लावू नका. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. कातडी फाटून रक्त आले असेल तर जखमेतही एक वेगळे औषध टोचतात, तेही घ्या. दिलेल्या तारखा चुकवू नका. "लहानसं पिल्लू तर आहे, त्याला काय होतंय?" असे म्हणू नका. रोग लाळेत असतो, आणि पिलालाही लाळ असते. गाय-बैलाला कुत्रे चावले तरी डॉक्टरांना कळवा. हा रोग त्यांनाही होतो.

शेवटी एक काम तुमच्या नव्या अक्षराला. एक वही करा, नाहीतर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. पिलू कधी आणले, जंताचे औषध कधी दिले, लस कोणत्या तारखेला झाली, पुढची कधी आहे. डोक्यात ठेवलेली तारीख सुगीच्या गर्दीत हरवते. कागदावरची हरवत नाही. घरातल्या ज्याला वाचता येते त्याने दर महिन्याच्या पहिल्या दिवशी ते पान मोठ्याने वाचून दाखवावे.

खोके, पोते, परळ, दोरी आणि वही. एवढे तयार झाले, की मग खुशाल पिलू आणा.