अंतःकर्णाचा अदृश्य शिल्पी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आम्ही वैद्य नव्हे, शास्त्रज्ञही नव्हे. जुन्या अकरावीचे मॅट्रिक, आणि त्या शिदोरीवर उभा जन्म मराठी शाळेत खडू झिजविलेला. तरीही आज अंतःकर्णासारख्या गहन विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहोत, त्याला एक कारण आहे. ते शेवटी निवेदन करू.

सन १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मेयर व जॉन पामर या संशोधकांनी गुरांच्या डोळ्यांतील पारदर्शक गरातून एक द्रव्य वेगळे काढले. ग्रीक भाषेत काचेला 'हायलॉस' म्हणतात. त्यावरून 'हायल्युरॉनिक अम्ल' हे नाव पडले. नावात अम्ल असले तरी हे काही चिंचेचे आंबटपण नव्हे. दोन प्रकारचे शर्कराकण आळीपाळीने ओवून केलेली ती एक लांबच लांब माळ होय. सब्जाचे बी पाण्यात टाकताच जसे फुगून बुळबुळीत होते, तसे हे द्रव्य पाणी धरून फुगते. सांध्यांत, त्वचेत, नेत्रांत आणि अंतःकर्णातही त्याचा वास आहे.

अंतःकर्णाची कामे दोन : ऐकणे आणि देहाचा तोल सांभाळणे. तोलासाठी तेथे परस्परांशी जवळजवळ काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. मान वळविताच त्यांतील द्रव हलतो आणि मेंदूस वार्ता पोचते. गर्भावस्थेच्या आरंभी मात्र येथे नलिका नसतात. असते केवळ एक चिमुकली पिशवी. मग या कमानी कोरतो कोण?

सन १९९१ मध्ये हॅडन व लुईस या संशोधकांनी बेडकाच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखविले की, पिशवीच्या भिंतीमागे हायल्युरॉनिक अम्ल साचते, पाणी धरून फुगते आणि भिंतीस आत ढकलते. समोरासमोरचे उंचवटे मध्यभागी भेटून जोडले जातात व त्यांच्या सभोवती नलिका उरते. हे अम्ल विरघळविणारे द्रव्य टोचताच उंचवटे खचले! सन २०२१ मध्ये झेब्रा माशावरील संशोधनाने त्यात भर घातली : पेशी आपल्या बारीक तंतूंनी त्या फुगवट्यास आवळतात, म्हणून दोरीने आवळलेल्या वळकटीप्रमाणे तो गोल न होता लांबट वाढतो. हाडामांसाची नाजूक कमान पाण्याच्या दाबाने घडावी, ही सृष्टीची केवढी किमया!

आता सावधगिरीचे दोन शब्द. या अम्लाच्या गोळ्या व मलमे आज बाजारात मुबलक आहेत. ती घेऊन बहिरेपण जाईल, अशा भ्रमात कोणी राहू नये. मनुष्याच्या प्रत्येक कानात ध्वनी टिपणाऱ्या सुमारे १५ हजार केशपेशी असतात. त्या एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. कॉक्लिअर इम्प्लांटची तार कानाच्या शंखात अलगद सरकावी म्हणून काही शल्यविशारद या अम्लाचे वंगण वापरतात. तेथे त्याची मदत खरी. पण ऐकू येते ते यंत्रामुळे आणि पुढील शिकवणीमुळे.

आता ते कारण. सन १९८८ मध्ये आमच्या वर्गात एक मुलगा होता. हाक मारली तर ओ देत नसे. आम्ही त्यास मठ्ठ ठरवून शेवटच्या बाकावर बसविले, छडीही मारली. दोन वर्षांनी कळले की त्यास ऐकूच कमी येत होते. तो मठ्ठ नव्हता. बहिरे आम्ही होतो. सेवानिवृत्तीनंतर आम्ही कानाविषयी वाचू लागलो ते प्रायश्चित्त म्हणून.

म्हणून मंडळास विनंती आहे. गुणवंतांचा सत्कार अवश्य करावा. पण त्याच मांडवात एक दिवस बालकांची श्रवणतपासणीही व्हावी. नवजात बालकाची चाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचारांस आरंभ सहाव्या महिन्यापर्यंत व्हावा, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. चाचणीत बाळास कसलीही वेदना होत नाही. वांद्रे येथे सन १९८३ पासून या कार्यास वाहिलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. 'उशिरा बोलेल, याचे वडीलही उशिराच बोलले' असे म्हणून मातापित्यांनी दिवस दवडू नयेत.

त्या मुलाची दोन वर्षे आम्हांस परत देता येत नाहीत. आपल्या घरातील बालकांची तरी वाया जाऊ नयेत, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.