साक्ष आता आपल्याही हाती

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



मला नेमून दिलेला विषय वरकरणी किरकोळ वाटेल. पोलिसांशी प्रसंग पडला असता खिशातील मोबाईलने त्याचे चित्रण करावे की न करावे, आणि करावयाचे तर कसे, एवढाच तो विषय आहे. परंतु त्याच्या मुळाशी एक जुना प्रश्न दडलेला आहे. गरीब माणूस आणि सरकारी अंमलदार यांच्यात वाद पडला, तर कोणाचा शब्द खरा मानावयाचा?

कायद्याच्या पुस्तकात आपणांस हक्कांची वाण नाही. सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत १५-अ हे नवे कलम मांडले. तेच आज घटनेचे २२ वे कलम होय. अटकेची कारणे सांगितली पाहिजेत, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, असे ते कलम सांगते. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात आणखी दंडक घालून दिले. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची स्पष्ट पट्टी हवी, अटकेचा पंचनामा जागच्या जागी व साक्षीदाराच्या सहीने व्हावा, नातेवाइकांस खबर मिळावी, हे त्यांतील काही होत.

मग उणे कोठे पडते? ते पुराव्यात पडते. रात्री दहा वाजता वस्तीतून उचललेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी अटक केल्याचे दाखविले, तर घटनेने दिलेले चोवीस तास कोठून मोजावयाचे? पोलिसांजवळ स्टेशन डायरी असते. आपल्याजवळ म्हातारी आई आणि घाबरलेला शेजारी असतो. डायरीतील ओळ आणि आईचा शब्द यांत आजवर कोणाचे पारडे जड ठरत आले, हे आपणांस ठाऊक आहे. मोबाईलमधील चित्रणावर तारीख असते, वेळ असते, आणि पुष्कळदा ठिकाणही असते. दोन कागदांच्या वादात आपल्या बाजूचाही एक कागद तयार झाला, हेच या यंत्राचे खरे महत्त्व होय.

परदेशातील एक उदाहरण पाहा. २५ मे २०२० रोजी अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरी जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय गृहस्थाच्या मानेवर एका पोलीस अधिकाऱ्याने गुडघा दाबून धरला आणि त्यात त्यांचा अंत झाला. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात गुडघ्याचा उल्लेखही नव्हता. त्या इसमाची प्रकृती बिघडलेली दिसली व तो पुढे इस्पितळात मरण पावला, असा त्याचा आशय होता. परंतु रस्त्यावर उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या एका मुलीने मोबाईलने चित्रण चालू ठेवले होते. त्या चित्रणापुढे ते निवेदन टिकले नाही. एप्रिल २०२१ मध्ये तो अधिकारी खुनाबद्दल दोषी ठरला आणि त्यास साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली.

तथापि याची दुसरी बाजूही ध्यानी घ्या. त्याच देशात १९९१ साली लॉस एंजेलिस येथे रॉडनी किंग यांस पोलिसांनी केलेली मारहाण एका रहिवाशाने कॅमेऱ्याने टिपली होती. ती साऱ्या जगाने पाहिली. तरीही १९९२ च्या पहिल्या खटल्यात ज्युरीने चौघा पोलिसांपैकी कोणासही दोषी ठरविले नाही. तात्पर्य, चित्रण म्हणजे न्याय नव्हे. चित्रण ही साक्ष आहे, आणि साक्षीमागे चिकाटीने उभे राहणारी माणसे लागतात.

आता आपल्या राज्याकडे वळू. पोलीस ठाण्यात मोबाईल काढला की "हा गुन्हा आहे" असा दम भरला जातो, हे आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. वर्धा येथे पोलीस ठाण्यात चित्रण केले म्हणून एका नागरिकावर १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. इंग्रजांनी हेरांसाठी केलेला हा कायदा! २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो गुन्हा रद्द केला. त्या कायद्यातील 'निषिद्ध स्थळ' या व्याख्येत पोलीस ठाणे येत नाही, असा स्पष्ट निर्वाळा न्यायालयाने दिला. ठाण्यातील संभाषण ध्वनिमुद्रित केल्याच्या एका प्रकरणात औरंगाबाद खंडपीठानेही २०२४ मध्ये तोच मार्ग अनुसरला.

याचा अर्थ वाटेल तेथे घुसावे असा कोणी करू नये. नव्या भारतीय न्याय संहितेत सरकारी नोकरास अटकाव करण्याबद्दल २२१ वे आणि त्यावर बळ वापरण्याबद्दल १३२ वे कलम आहे. नुसते दूर उभे राहून चित्रण करणे म्हणजे बळाचा वापर नव्हे. परंतु अंगावर धावणे, वाट अडविणे, शिवी देणे हे घडले, की आपणच आपल्याविरुद्ध पुरावा तयार केला असे होईल.

दुसरे असे की, चित्रणाची जबाबदारी एकट्या नागरिकाची नाही. ती कायद्याने सरकारवरही टाकलेली आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १०५ वे कलम झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करावयास सांगते. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५-अ मध्ये त्या कायद्याखालील गुन्ह्यांच्या कार्यवाहीचे चित्रमुद्रण करण्याची तरतूद आहे. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीपासून प्रवेशद्वारापर्यंत, आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बसविण्याचा आणि ते चित्रण अठरा महिने जपण्याचा आदेश दिला. हे आपण मागितले पाहिजे, आणि लेखी मागितले पाहिजे.

कारण आपला मोबाईल कोठडीच्या दारापाशी थांबतो. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीचा कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत असता मरण पावला. अनेक जखमांमुळे बसलेला धक्का, असे कारण शवविच्छेदनात नोंदले गेले. गुन्हा नोंदविण्याचा आदेश उच्च न्यायालयाकडून मिळावयास जुलै २०२५ उजाडला, आणि तोवर त्याच्या आईस न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. जेथे आपला हात पोहोचत नाही, तेथील कॅमेऱ्याची नोंद पुसली जाण्यापूर्वी तिची मागणी करणे, हे आपल्या कार्यकर्त्याचे पहिले काम आहे. कोठडीतील गंभीर इजा वा मृत्यू याबद्दल तक्रार आल्यास राज्य मानवी हक्क आयोग ते चित्रण मागवू शकतो.

आता प्रत्यक्ष रीत सांगतो. मोबाईलचे कुलूप अंगठ्याचे न ठेवता आकड्यांचे ठेवा, कारण अंगठा बळजबरीने टेकविता येतो. चित्रण करताना चार पावले दूर उभे राहा आणि हात स्थिर ठेवा. आरंभी ठिकाण, तारीख व वेळ मोठ्याने उच्चारा. नावाची पट्टी आणि गाडीचा क्रमांक टिपा. सोयीचा तेवढाच भाग ठेवून बाकीचा कापू नका, कारण कापलेल्या चित्रणास न्यायालयात प्रथम कात्रीचाच जाब विचारला जाईल. चित्रण होताच एक प्रत विश्वासू माणसाकडे रवाना करा. व्हॉट्सअ‍ॅपने पाठवावयाचे तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाही तर चित्र दबून त्याची प्रत खालावते. मूळ चित्रण मात्र त्याच मोबाईलमध्ये जपून ठेवा. जालना मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये निर्णय दिला, की मूळ यंत्र त्याच्या मालकाने स्वतः साक्षीत हजर केले तर प्रमाणपत्राची गरज नाही. नक्कल हजर करावयाची तर प्रमाणपत्र हवेच. आता हे प्रमाणपत्र भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखाली द्यावयाचे असते. पोलिसांनी मोबाईल जप्त केला, तर झोंबाझोंबी न करता जप्तीच्या पंचनाम्याची प्रत मागा आणि त्याच दिवशी वरिष्ठांस लेखी कळवा.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. अत्याचार झालेल्या स्त्रीचे वा बालकाचे मुख आणि नाव जगापुढे मांडू नका. तो गुन्हा आहे, आणि त्याहून मोठे म्हणजे ते त्या व्यक्तीच्या अब्रूवर दुसऱ्यांदा घातलेला घाला आहे. असे चित्रण वकिलाकडे द्यावे, बाजारात देऊ नये. दहा हजार लोकांनी पाहिले म्हणजे कार्य झाले, ही समजूत सोडा. ते एका न्यायाधीशाने पाहिले पाहिजे.

पोलीस खात्याविषयी वैर धरा, असे मी सांगत नाही. नियमाने वागणाऱ्या शिपायास कॅमेऱ्याचे भय नसते. खोट्या आरोपापासून तोच त्याचे रक्षण करतो. भय असते ते, आपल्यामागे कोणी विचारणारे नाही अशा समजुतीने हात उगारणाऱ्यास. ती समजूत मोडणे हे आपले काम आहे, आणि ते दगडाने होणार नाही.

प्रत्येक वस्तीत निदान दोन तरुण व दोन तरुणी यांनी ही कलमे पाठ करावीत आणि ही रीत हाताखालून घालावी. प्रसंग रात्री येतो, तो शिकण्यास वेळ देत नाही. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.